दीड वाजताचा नकलनवीस

बालाघाट,
४ ऑगस्ट १९८८

मुकुंददादा,

ख्यालीखुशाली शेवटी लिहीन, आधी काम. तू पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस म्हणून आपल्या घरात उठता-बसता तुझं नाव घेतात. त्याचा आज मला उपयोग करून घ्यायचा आहे.

जानेवारीपासून मी इथल्या क्षय निवारण मंडळात काम करते, हे तुला ठाऊकच आहे. बंडोकाका, म्हणजे तुझे बाबा, तहसिलीतून निवृत्त झाल्यावर तिथेच रेकॉर्ड सांभाळतात. आमच्या नोंदीत अकराशे चाळीस रोगी आहेत. एकेकाचं औषध दीड-दीड वर्ष चालतं. मध्ये खंड पडला की रोग उलटतो, आणि मग तेच औषध लागू पडत नाही. म्हणून दर सोमवारी मशीन यादी छापतं, की या आठवड्यात कोणाचं औषध संपतंय, कोण आलेलंच नाही. ती यादी खिशात घालून आमचा तेजराम सायकलवर परसवाड्यापासून लामत्यापर्यंत हिंडतो आणि घरोघर गोळ्या पोचवतो. जूनपासून आम्ही कार्डं भरणं बंद केलं. म्हणजे आता जे काही आहे ते त्या पेटीत.

आता रडगाणं. मशीन बसवायला नागपूरहून जो इंजिनिअर आला होता, त्याने व्यवस्था करून दिली होती की रोज दुपारी दीडला मशीन आपणहून सगळ्या नोंदींची नक्कल टेपवर उतरवून ठेवेल. एक ते अडीच आम्ही सगळे जेवायला जातो, मशीन रिकामं असतं, आणि पाचला तर वीजच बंद करतो, म्हणून दीड. अकरा जुलैला हे सुरू झालं. परवा मी सहज टेप तपासली, तर टेपवर काही नाही! घाबरून सकाळी अकराला हाताने नक्कल करून पाहिली. छान झाली. दुपारची आपोआपची पुन्हा नाही. हाताने रोज करता येत नाही, कारण पन्नास मिनिटं लागतात आणि तोवर कोणाला काही टंकता येत नाही.

ज्यांनी मशीन दिलं त्या दिल्लीच्या डॉक्टर आशालता देव १ ऑक्टोबरला तपासणीला येणार आहेत. नक्कल आपोआप होत नसेल तर मशीन परत, असं त्यांनी आधीच बजावलंय. माझी नोकरी मशीनबरोबर आली, मशीनबरोबरच जाईल. पण खरं सांगू? नोकरीपेक्षा मला लामत्याच्या अनुसयेची काळजी वाटते. तिच्या औषधाचे शेवटचे चार महिने उरलेत आणि ती सारखी गाव बदलते, कधी माहेरी, कधी नणंदेकडे. ती कुठे आहे हे तेजरामच्याही लक्षात राहत नाही. फक्त मशीनला माहीत असतं. उद्या हे मशीन आडवं झालं तर?

काकांना यातलं काही कळवू नकोस. त्यांनी विचारलं तेव्हा मी "चालू आहे" म्हणून मोकळी झाले.

आम्ही सगळे मजेत. कालिंदीकाकूंना आपल्या मुलाची आठवण येते, रोज.

तुझी,
साधना

—

पुणे,
११ ऑगस्ट १९८८

साधना,

वर्षभरात तुझं पहिलं पत्र आलं आणि तेही कामाचं. बरं आहे. निदान कोणाला तरी मी कामाचा वाटतो.

एक गोष्ट लक्षात घे. हाताने नक्कल करतेस तेव्हा ती तू करतेस. दीड वाजता ती करणारा वेगळा आहे. त्या इंजिनिअरने या कामासाठी मशीनमध्ये एक वेगळं नाव उघडलं असणार. मशीनच्या लेखी तो एक वेगळा माणूसच. त्याला नोंदी पाहायची किंवा टेपला हात लावायची परवानगी नसेल तर तो काम टाकून निघून जातो. पण जाताना मुकाट्याने जात नाही. काय अडलं ते चिठ्ठीत लिहून ठेवतो, आणि ती चिठ्ठी त्याच्याच नावाने मशीनमध्ये पडून राहते. तुम्ही कोणी ती चिठ्ठ्यांची पेटी उघडलीच नसेल. ती कशी उघडायची हे वेगळ्या कागदावर लिहिलंय.

माझा अंदाज, टेपची परवानगी नसावी. ती द्यायची रीतही त्याच कागदावर आहे. आणि सगळ्यात सोपा उपाय हवा असेल तर मशीनचा मुख्य संकेतशब्द माग. त्या नावाने काम लावलं की मशीन कोणालाच अडवत नाही. तो संकेतशब्द एखाद्या बंद लिफाफ्यात असतो, आणि लिफाफा कोणाकडे असेल हे मला बालाघाटला न येताही सांगता येईल.

मुकुंद

—

बालाघाट,
२३ ऑगस्ट १९८८

दादा, झालं! आजची नक्कल झाली!

आता सावकाश सांगते. तू म्हणालास तशी पेटी उघडली. त्या दीड वाजताच्या माणसाचं नाव इंजिनिअरने 'नक्कल' असंच ठेवलंय. बिचाऱ्याच्या एकतीस चिठ्ठ्या पडून होत्या! सुट्ट्या आणि वीज नव्हती ते पाच दिवस सोडले तर माणसाचा एक खाडा नाही. एकोणतीस चिठ्ठ्यांत एकच ओळ, परमिशन डिनाइड, परमिशन डिनाइड. वाचून मलाच लाज वाटली. रोज कोणी दारात येऊन हाका मारतंय आणि आपण घरात भाकरी खात बसलोय, असं झालं. दोन चिठ्ठ्या मात्र चांगल्या होत्या, २५ जुलै आणि ८ ऑगस्टच्या. त्या दिवशी नक्कल नीट झाली होती, पण दुसऱ्या दिवशीच्या अर्धवट कामाने टेप पुसून टाकली. त्या दोन दिवशी काय चमत्कार झाला देव जाणे.

मग काकांकडे लिफाफा मागितला. तुझं नाव सांगितलं, ही चूक झाली असावी. चष्म्यावरून बघत म्हणाले, "अध्यक्षाचा लेखी हुकूम आणला का?"

मी म्हटलं, "काका, तुमच्याच कपाटात तर आहे. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटाचं अन् दोन वर्षाचं काम माह्या कपाटाले सारखंच. चौतीस वर्षं तहसिलीच्या रेकॉर्डले होतो. हुकूम नाही तं कागद नाही. अन् त्याले इतकी घाई असन तं सांग, सोता ये अन् माग."

मी लिफाफ्याचा नाद सोडला. काल तुझ्या कागदाबरहुकूम टेपची परवानगी बदलली, आणि आज दुपारी, दादा, सगळ्या नोंदी टेपवर! मी तेजरामला पेढा दिला. काकांनाही देत होते, तर म्हणाले आज नाही. मंडळातल्या कोणालाच कळलं नाही पेढे कशाचे ते.

सोबत राखी आहे. परवाच्यापरवा बांध, आणि सख्खी बहीण नाही म्हणून कंजुषी करू नकोस.

साधना

—

(पोस्टकार्ड)
बालाघाट, २६ ऑगस्ट

दादा, पेढे वाया गेले. २४, २५ आणि आज २६, तिन्ही दिवस परमिशन डिनाइड. मी कशालाही हात लावलेला नाही. अकरा वाजता हाताने करते तर होते, चारला करते तरी होते. दीडलाच नाही. आता काय करू? सा.

—

पुणे,
१ सप्टेंबर १९८८

साधना,

राखी पोचली, बांधली. ओवाळणी परीक्षा संपल्यावर पाठवतो. परीक्षा माझी, तू घेतलेली.

मला कळत नाहीये. खरंच नाही. ऑफिसातल्या दोघांना विचारलं, त्यांनीही माना हलवल्या. टेपची परवानगी एकदा दिली की ती आपोआप जात नाही. आता लिफाफाच उघडायला हवा. पुन्हा माग.

तुला वाटेल दादा उगाच चिडतो. तुला ती गोष्ट माहीत नसेल, तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. सत्त्याहत्तर साली जबलपूरला माझी इंजिनिअरिंगची मुलाखत होती. माझी प्रमाणपत्रं हरवू नयेत म्हणून बाबांनी ती ऑफिसच्या कपाटात ठेवली होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते बैहरच्या दौऱ्यावर, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. दुसरी किल्ली नाहीच. मी कपाटासमोर तासभर उभा होतो. पत्र्याआड माझे कागद होते, आणि मी बाहेर. माझं पुरतं एक वर्ष गेलं. बाबा परत आल्यावर एवढंच म्हणाले, "कागद सुरक्षित आहेत." तेव्हापासून आमचं बोलणं पोस्टकार्डापुरतं उरलं. म्हणून कुलूप म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पण तुझ्या अनुसयेचा यात काही दोष नाही. विचार करतो आहे.

मुकुंद

—

पुणे,
७ सप्टेंबर १९८८

साधना,

हे पत्र मी हसत लिहितोय. मघाशी घरमालकीण प्रेमलताबाईंनी जेवायला हाक मारली. ताटात वरीचा भात आणि दाण्याची आमटी. मी म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, "मुकुंदराव, आज एकादशी आहे हो."

घास हातात तसाच राहिला. उठून त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. २५ जुलै, एकादशी. ८ ऑगस्ट, एकादशी. २३ ऑगस्ट, तू पेढे वाटलेस तो दिवस, एकादशी. तुमचं मशीन फक्त एकादशीला काम करतं, साधना! आणि तुझा पेढा त्या दिवशी कोणी नाकारला?

एकादशीला बाबा जेवायला घरी जात नाहीत. खुर्चीत बसून मूठभर शेंगदाणे आणि केळं खातात, बाजारचा पेढासुद्धा चालत नाही. म्हणजे खुर्चीवरून उठत नाहीत. आता आठव, बाबा खुर्चीवरून उठताना काय करतात? मी लहान असताना त्यांचा डबा घेऊन तहसिलीत जायचो. पाणी प्यायला उठले तरी आधी कपाटाला कुलूप, मग दोनदा ओढून बघणार, मग पाणी. त्यांनी मशीनलाही कुलूप लावलेलं आहे. मला शंकाच नाही. नोंदी त्यांच्याच नावावर आहेत ना? मग ते लावू शकतात, आणि फक्त तेच लावू शकतात. एकला जेवायला उठताना लावतात, अडीचला आल्यावर काढतात. दीडला तुमचा नक्कल येतो, कुलूप पाहतो, चिठ्ठी टाकतो, जातो.

आज एकादशी आहे. हे पत्र मिळालं की आजच्या तारखेची चिठ्ठी उघड. माझं खरं असेल तर आज नक्कल झालेली असेल.

त्यांना एकदम दोष देऊ नकोस. मला त्यांचा राग आहे, पण त्यांनी हे वाईट हेतूने केलेलं नाही, एवढं मला या लांबूनही दिसतं. आधी बघ, मग विचार.

मुकुंद

—

(पोस्टकार्ड)
बालाघाट, ८ सप्टेंबर

दादा, तुझं एक तारखेचं पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं, मला खरंच माहीत नव्हतं. इकडची गंमत म्हणजे काल, सात तारखेला, नक्कल पुन्हा झाली! मी काहीही केलं नव्हतं. आज पुन्हा नाही. या मशीनला भूत लागलंय असं तेजराम म्हणतो. अनुसया लामत्याहून हट्ट्याला नणंदेकडे गेली आहे, नवा पत्ता उद्या मशीनमध्ये घालते. सा.

—

बालाघाट,
१७ सप्टेंबर १९८८

दादा,

तुझं सात तारखेचं पत्र आणि माझं आठचं कार्ड वाटेत एकमेकांना भेटली असतील आणि हसली असतील. तू जिंकलास.

काल मी एकला घरी गेले नाही. डोकं दुखतं म्हणून मागच्या बाकावर बसून राहिले. तेजराम गेला, सगळे गेले. काका उठले. कपाट बंद केलं, दोनदा ओढून पाहिलं. मग मशीनसमोर उभे राहिले, आणि दादा, एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत शोधत त्यांनी हुकूम टंकला! मला वाटायचं काकांना मशीन फक्त पुसता येतं.

मी मागून विचारलं, "काका, काय करताय?"

दचकले नाहीत. म्हणाले, "कुलूप लावून राह्यलो, दिसत नाही? शून्य शून्य शून्य. तीन शून्यं म्हंजे कोणालेच काही नाही. वाचाले बी नाही, लिव्हाले बी नाही. तो नागपूरचा पोरगा आलता ना, त्याले पहिलाच प्रश्न इचारला मी, बाबा, याचं कुलूप कुठं हाय? त्यानं शिकवलं. मी वहीत लिहून घेतलं."

"रोज लावता?"

"हौ. रोज. अकराशे लोकायची बिमारी हाय त्याच्यात. कोणाची पोरगी लग्नाची, कोणाचा पोरगा नोकरीचा. गावाले कळलं की याच्या घरी टीबी हाय, तं त्या घरी कोणी पाणी पेत नाही. उघडं टाकून मी जेवाले जाऊ?"

दादा, मी आठ महिने त्या खोलीत बसते. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. दीड वाजताचा नक्कल, त्याच्या चिठ्ठ्या, रिकामी टेप. मी खोटं बोलले होते तेही सांगितलं. काका खुर्चीत बसले. मला वाटलं आता लिफाफ्यासारखं काही ऐकावं लागणार. तर म्हणाले, "म्हंजे दोन महिने तो माणूस रोज येऊन माह्या दारातून परत गेला? अन् तू मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलो असतो. पण दार उघडलं असतं."

त्यानंतर जे झालं ते तुझ्या पुण्याच्या ऑफिसात सांग. मी तू लिहिलेलं लिफाफ्याचं पुन्हा काढलं, की मुख्य संकेतशब्दाने काम लावलं तर कुलपाचा प्रश्नच राहणार नाही. काकांनी जोरात मान हलवली. "नाही. तहसिलीत नकलनवीस राहते. जमिनीचा कागद कोणाले पाह्यजे असला तं नकलनवीस येते, कागद पाहून नक्कल उतरवते. त्याले आपण खजिन्याची किल्ली देतो का? नाही. त्याच्या हाती दौत बी देत नाही मूळ कागदाजवळ. त्याले फक्त पाहू द्याचं. वाचाचं, लिव्हाचं नाही. तुह्या मशीनमंदी असं अर्धं कुलूप हाय का?"

आहे, दादा. तुझ्या कागदावरच लिहिलं होतंस, चार म्हणजे फक्त वाचायला. मी आणि नक्कल एकाच गटात आहोत, म्हणून मालकाला चार, गटाला चार, बाकी जगाला शून्य. चारशे चाळीस. काकांनी वहीत 'शून्य शून्य शून्य' खोडलं नाही. त्याच्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली, आणि खाली लिहिलं, "नकलनवीस (यांत्रिक) यास दररोज दीड वाजता नोंदी पाहण्याची मुभा. लिहिण्याची नाही." मग स्वतःच एका बोटाने चारशे चाळीस टंकलं.

दीड वाजला. टेप फिरायला लागली. काका जेवायला गेलेच नाहीत. पन्नास मिनिटं टेपच्या आवाजाकडे कान लावून बसले. नक्कलची चिठ्ठी उघडली तेव्हा त्यात सगळं ठीक होतं, आणि दादा, काल एकादशी नव्हती!

साधना

ता. क. तू एक तारखेला लिहिलेली गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. पण तुझं पत्र माझ्या टेबलावर राहिलं होतं आणि मी पाणी आणायला गेले होते. परत आले तेव्हा ते घडी घालून दौतीखाली ठेवलेलं होतं. मी तर उघडंच टाकून गेले होते. रागावू नकोस.

—

(तार)
बालाघाट, २४ सप्टेंबर

मशीन तीन वाजता बंद पडलं. इंजिनिअरला बोलावलं. आजची दीडची टेप हातात आहे. साधना

—

बालाघाट,
२ ऑक्टोबर १९८८

दादा,

तारेने तुझा जीव टांगणीला लावला असेल, माफ कर. माझा तर चार दिवस टांगलेलाच होता.

शनिवारी तीनला विजेचा मोठा झटका आला. मशीनमधून चक्की चालल्यासारखा आवाज आला आणि बंद. सोमवारी तो नागपूरचा इंजिनिअर आला. त्याने पेटी उघडून सांगितलं, डिस्क गेली, आतलं काही वाचणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बॅकअप तो होगा ना, मॅडम?" मी काही बोलायच्या आत काकांनी कपाट उघडून टेप बाहेर काढली. शनिवारची, वर त्यांच्या अक्षरात तारीख, वेळ आणि सही. दोन्ही हातांनी दिली.

नवी डिस्क बसायला बुधवार उजाडला. टेप लावली. इंजिनिअर म्हणाला चाळीस मिनिटं लागतील, चहा घेऊन या. कोणी हललं नाही. तेजरामने सायकलची घंटा काढून हातात धरली होती, का ते त्यालाच माहीत. मग पडद्यावर आकडा आला, अकराशे चाळीस. मी पहिली अनुसया काढली. हट्टा, बावली विहिरीजवळ, नणंदेचं घर, औषध संपणार ३ ऑक्टोबर. नऊ तारखेला घातलेला पत्ता, जसाच्या तसा. मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर, आणि मला जराही लाज वाटली नाही. हाताने केलेली माझी शेवटची नक्कल एक सप्टेंबरची होती. तिच्यात अनुसया अजून लामत्यालाच होती.

तेजराम काल हट्ट्याला जाऊन आला. ती अंगणात धान वाळवत होती. म्हणाली, "इथं बी सापडली का मी? तुमी काही पिच्छा सोडत नाही!" आणि गोळ्या घेतल्या.

डॉक्टर आशालता काल आल्या. दीड वाजता टेप फिरताना पाहिली, चिठ्ठी पाहिली, काकांची वही पाहिली. वहीतलं 'यांत्रिक नकलनवीस' वाचून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, लोकांची नावं कुलपात ठेवायचं त्यांना आजवर कुठल्याच केंद्रात कोणी सुचवलं नव्हतं. मशीन राहतंय. मीही राहतेय. काकांनी त्यांना चहाला थांबा म्हटलं, पण खुर्चीवरून उठताना आधी चारशे चाळीस.

आता ख्यालीखुशाली. आम्ही सगळे मजेत आहोत, आणि या वेळी खरंच आहोत.

तुझी,
साधना

—

बालाघाट,
८ ऑक्टोबर १९८८

चिरंजीव मुकुंद यास,

तुझ्या आईचे आणि माझे आशीर्वाद. आम्ही उभयता बरे आहोत.

साधनाने मशीनचा सर्व वृत्तांत तुला कळवला आहेच. इंजिनिअरकडून मी एक गोष्ट समजून घेतली. नक्कल ठेवणे म्हणजे मूळ सांभाळणाऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. मूळ सांभाळणारा दौऱ्यावर असतो, आजारी पडतो, मरतो. त्याच्या कमरेची किल्ली त्याच्याबरोबर जाते. हे मी चौतीस वर्षे रेकॉर्डात काढूनही मला समजले नव्हते. समजायला टेप लागली.

साधनाच्या टेबलावरचे तुझे पत्र मी वाचले. दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. माझे नाव दिसले म्हणून वाचले. तू कपाटासमोर तासभर उभा होतास हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. तूही नाही. मी बैहरहून आलो तेव्हा तू बोलत नव्हतास, आणि मला वाटले, मुलाखतीचा विरस आहे, जाईल. कागद सुरक्षित आहेत असे मी म्हणालो, कारण तेव्हा मला तेवढेच महत्त्वाचे वाटत होते. तुझे वर्ष माझ्या किल्लीमुळे गेले. मला वाईट वाटते. हे अकरा वर्षांपूर्वी लिहायला हवे होते.

मागच्या आठवड्यात बाजारात चैतराम किल्लीवाल्याकडे गेलो होतो. घराच्या मुख्य दाराची आणि माझ्या खोलीतल्या कपाटाची एक एक किल्ली नवीन करून घेतली. चैतराम म्हणाला, "पंत, तुमच्या घरची दुसरी किल्ली? पहिल्यांदाच!" मी म्हटले, "हौ, पहिल्यांदाच." दोन्ही चालवून पाहिल्या, कानसीचा थोडा खरखरीतपणा आहे, वापरून जाईल. तुझी प्रमाणपत्रे निवृत्तीच्या वेळी मी ऑफिसातून घरी आणली, ती याच कपाटात, वरच्या खणात आहेत. जबलपूरचे मुलाखतपत्रही आहे.

किल्ल्या याच लिफाफ्यात पाठवत आहे, रजिस्टर केले आहे. पोचपावती येईपर्यंत काळजी वाटेल, म्हणून मिळताच दोन ओळी टाक.

दिवाळीला यावेस असे तुझ्या आईचे म्हणणे आहे. माझेही आहे. गाडी दुपारी पोचते. त्या वेळी आम्ही मंडळात किंवा देवळात असलो तरी तुला दारात उभे राहावे लागणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. कपाटाची किल्ली डावीकडे फिरते. नुसते बघायचेच नाही. तुला लिहायचीही मुभा आहे.